बालकांचा पाकक्रियेतील सहभाग : पथ्यपरंपरेचा घरगुती पाया

काही महिन्यांपूर्वी आठ वर्षांच्या एका मुलीला घेऊन तिची आई चिकित्सालयात आली होती. अतिसार होऊन गेला होता, मलप्रवृत्ती पूर्ववत झाली होती. परंतु अग्नी मंद, तोंडाला चव नाही आणि अंगात त्राण नाही, अशी अवस्था होती. चिकित्सा अवघड नव्हती. दीपन-पाचनाचे औषध लिहून दिले आणि पथ्य म्हणून दोन दिवस पेया, नंतर विलेपी, मग मुगाचे कढण, असा संसर्जनक्रमाचा संक्षेप समजावून सांगितला. त्या भगिनीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "डॉक्टर, ही पेज पाकिटात मिळते का? कोणत्या कंपनीची घेऊ?"

चिकित्सालयाखालीच औषधी दुकान आहे. त्याच्या मालकांना संध्याकाळी हा प्रश्न सांगितला तेव्हा ते हसले नाहीत. कढणाची भुकटी, तयार लाजमंड, 'पाणी घातले की झाले' अशी खिचडी मागणारी गिऱ्हाइके त्यांच्याकडे नित्याची झाली आहेत. ती भगिनी सुशिक्षित होती, बँकेत अधिकारी होती, मुलीविषयी तळमळ असणारी होती. तिच्यात आळस नव्हता. तिच्या आईला पेज, कढण, आटवल, गुरगुट्या भात हे सारे येत होते. परंतु ही लहान असताना तिला स्वयंपाकघरात येऊ दिले नव्हते. "तू अभ्यास कर, इथे लुडबूड नको" हे वाक्य तिने मला जसेच्या तसे सांगितले. आपल्यापैकी किती जणांच्या घरांतून हे वाक्य उच्चारले गेले असेल!

आपण पथ्य लिहितो तेव्हा ते करू शकणारा एक हात त्या घरात आहे, असे गृहीत धरतो. पूर्वी हे गृहीत बरोबर असे. आता ते क्वचितच बरोबर ठरते. कारण पाकक्रिया ही ऐकून किंवा वाचून पूर्णपणे येणारी गोष्ट नाही. ती वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून, लहानपणी, कान-नाक-बोटांनी शिकली जाते. मुलाने आजीबरोबर वा आईवडिलांबरोबर स्वयंपाक करणे हा कौटुंबिक जिव्हाळ्याचा व आठवणींचा विषय आहेच. परंतु आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने तो पथ्यपरंपरेच्या अस्तित्वाचाही विषय आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

करण म्हणजे संस्कार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. त्यांतील दुसरे आयतन 'करण'. द्रव्याच्या ठिकाणी मूळच्याहून वेगळे गुण उत्पन्न करणे म्हणजे संस्कार, आणि हे संस्कार जल, अग्नी, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना, पात्र इत्यादींमुळे होतात, असे तेथे विवेचन आहे. वैद्यबांधवांना हे पाठ आहे. परंतु ही यादी पुन्हा एकदा, लहान मुलाच्या उंचीवरून पाहावी. तांदूळ रोवळीत धुणे हे शौच. चूल किंवा शेगडी हा अग्नी. रवीने ताक घुसळणे हे मंथन. मडक्यातल्या पाण्याला वाळा घालणे हे वासन. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते म्हणून ते तेथे न ठेवणे हा पात्रविचार. पदवीच्या अभ्यासक्रमात आपण जे सूत्ररूपाने शिकलो ते स्वयंपाकघरात पाट मांडून बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर रोज घडत असे.

दही शोथकर, परंतु तेच घुसळल्यावर स्नेहासह असूनही शोथघ्न होते, हे टीकाकारांचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ज्या मुलाने स्वतः रवीची दोरी ओढली आहे, दही फुटून लोण्याचे कण वर येताना पाहिले आहेत आणि ते ताक चाखले आहे, त्याला दही व ताक हे दोन भिन्न पदार्थ आहेत हे वेगळे शिकवावे लागत नाही. भाताचेही तसेच. चांगला धुतलेला, पाणी निथळलेला, नीट शिजलेला व गरम असा ओदन लघु, असे चरकाचार्यांनी अन्नपानविधी अध्यायात सांगितले आहे. आपल्याकडे 'भात वेळणे' हा शब्द त्यासाठीच आहे. कुकर आल्यापासून वेळणे गेले आणि शब्दही जाऊ लागला. एकदा एका तरुण वैद्यमित्राने रुग्णाला "भात वेळून घ्या" असे सांगितले, तर रुग्णाने "कोणत्या वेळेला?" असे विचारले. हा विनोद नव्हे.

'संस्कार' हा एकच शब्द आपण द्रव्याविषयी आणि मुलाविषयीही वापरतो. या योगायोगावर पुष्कळ व्याख्याने झाली आहेत, म्हणून येथे तो विस्तार करीत नाही.

कानांनी कळणारे तूप, बोटांना कळणारा पाक

स्नेहसिद्धीची लक्षणे शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यम खंडात आली आहेत. कल्काची बोटांनी वात वळता यावी, तो अग्नीवर टाकला असता शब्द होऊ नये, तैलात फेस यावा आणि घृतात फेस शमावा. रसशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकास या परीक्षा ठाऊक आहेत. आता घरी लोणी कढवण्याचा प्रसंग आठवून पाहावा. लोणी वितळते, मोठे बुडबुडे येतात, चडचड असा आवाज सुरू होतो. तो आवाज म्हणजे लोण्यातील जलांश उडून जात असतो. हळूहळू आवाज मंदावतो, तळाशी बेरी लालसर होऊ लागते, खमंग गंध सुटतो. विड्याचे पान टाकले असल्यास ते कुरकुरीत होते. या क्षणी भांडे उतरवले नाही तर बेरी करपते आणि तुपाला जळका वास लागतो. "आवाज थांबला की मला सांग" एवढे काम पाच-सहा वर्षांच्या मुलाला शेगडीपासून दोन हात दूर बसवून देता येते. ते मूल कान देऊन ऐकत राहते. पुढे वैद्यकाचा विद्यार्थी झाल्यावर त्याला 'शब्दहीन' हे लक्षण घोकावे लागणार नाही. आणि वैद्य झाले नाही तरी बाजारातील तुपाचा डबा उघडताच त्याच्या नाकाला काय ते कळेल. नंतर साखर घालून वाटीत मिळणाऱ्या बेरीचा मोबदला आहेच.

अवलेहाच्या परीक्षांचे साम्य तर याहूनही जवळचे आहे. तंतुमत्त्व, पाण्यात टाकले असता बुडणे व न पसरणे, बोटाने दाबले असता मुद्रा उमटणे, गंध-वर्ण-रसाची उत्पत्ती ही सिद्ध अवलेहाची लक्षणे. घरातील बायका एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक म्हणत आल्या आहेत. वाटीभर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो विरघळतो की तळाशी बसतो हे पाहणे, ही ग्रंथातील परीक्षा घराघरांतून दिवाळी-संक्रांतीला होत होती.

या संदर्भात स्वतःची एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. माझी आई कार्तिक-मार्गशीर्षात आवळे आले की मोरावळा घालीत असे. ताई तिच्या शेजारी बसून काट्याने आवळे टोचायची. मी मुलगा, शिवाय अभ्यासात बरा. त्यामुळे मला माजघरात पुस्तक देऊन बसवले जाई. पुढे मी वैद्य झालो, रसशाळेत एका वेळी दोन-दोन मण च्यवनप्राश सिद्ध केला, त्याच्या परीक्षा विद्यार्थ्यांना शिकवल्या. आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या पद्धतीचा मोरावळा करावा असे मनात आले. आवळे उत्तम आणले, साखर तोलून घेतली, पाक ग्रंथोक्त लक्षणांवर उतरवला. पंधरा दिवसांत बरणीला बुरशी आली. ताईला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "अरे, आवळ्याचं पाणी सुटून पाक दुसऱ्या दिवशी पातळ होतो, तो परत आटवायचा असतो. आई तीन दिवस आटवायची, आठवत नाही का तुला?" मला आठवणार कसे? पहिल्या दिवसाचा वास माजघरापर्यंत आला होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय चालले आहे हे मी कधी पाहिलेच नव्हते. ताईने कोणत्याही वहीत ते लिहिलेले नव्हते. दहा वर्षांची असताना तिने आईबरोबर केले होते, इतकेच.

मोरावळ्याच्या कृतीत लहान हातांना द्यावयाची कामे पुष्कळ आहेत. आवळे धुऊन कोरड्या फडक्याने पुसणे, डागी आवळे वेगळे काढणे, सर्व बाजूंनी टोचणे, बरणी उन्हात वाळवणे, तोंडाला दादरा बांधताना दोरा धरणे. लोखंडी सुरीने आवळा चिरला की पाते व फोड काळी पडतात, हे मुलाने स्वतः पाहिले म्हणजे कषाय रसाच्या द्रव्यांना लोहपात्र का टाळावे हा प्रश्न त्यालाच पडतो. फक्त उकळता पाक मात्र पूर्णपणे मोठ्यांच्या हाती असावा. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

गंध आणि स्मरण

बालपणीचे गंध दीर्घकाळ टिकतात, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याला आधुनिक शास्त्राचाही आधार मिळाला आहे. अन्य इंद्रियांचे संवेदन मेंदूच्या बाह्यकापर्यंत जाताना थॅलॅमस या केंद्रातून जाते. गंधाचे संवेदन मात्र त्या टप्प्यावाचून भावना व स्मरणाशी संबंधित भागांजवळ पोहोचते. सन 2006 मध्ये स्वीडनमधील विलँडर व लार्सन या संशोधकांनी वृद्ध व्यक्तींना शब्द, चित्र व गंध अशी तीन प्रकारची निमित्ते देऊन कोणत्या वयातील आठवणी जागृत होतात ते पाहिले. शब्द व चित्रांनी प्रामुख्याने दहा ते वीस वर्षे वयाच्या आठवणी आल्या. गंधाने आलेल्या आठवणी बहुतांशी पहिल्या दहा वर्षांतील होत्या. आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पथ्यद्रव्यांचे गंध आपलेसे वाटावयाचे असतील तर त्यांची ओळख दहा वर्षांच्या आत व्हावयास हवी. सुंठ, ओवा, हिंग, जिरे, मेथी, गाईचे तूप यांचा वास ज्याच्या मनात घराशी जोडला गेला आहे, तो रुग्ण चाळिसाव्या वर्षी आपल्याकडे आला असता या द्रव्यांना "औषधाचा वास" म्हणून नाक मुरडत नाही.

रुचीविषयीचे पुरावे याहूनही आधीच्या वयाचे आहेत. 2001 मध्ये अमेरिकेत मेनेला यांच्या अभ्यासात गर्भारपणी किंवा स्तन्यपानाच्या काळात ज्या मातांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बालकांनी पुढे गाजराच्या चवीचे अन्न कमी कुरकुर करता स्वीकारले. गर्भिणीपरिचर्येतील आहारविचार आपणास नवीन नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. मुलाने स्वतः स्वयंपाकात भाग घेण्याचा परिणाम 2014 मध्ये स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासात तपासला गेला. सहा ते दहा वर्षांची 47 मुले होती. ज्यांनी पालकासह जेवण बनवले त्यांनी कच्च्या भाज्यांची कोशिंबीर इतर मुलांपेक्षा सुमारे तीन-चतुर्थांशाने अधिक खाल्ली. अभ्यास लहान आहे, एका जेवणापुरता आहे. त्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत. परंतु "माझा मुलगा भाजीला शिवत नाही" ही तक्रार रोज ऐकणाऱ्या वैद्याने हा साधा उपाय सुचवून पाहण्यास काय हरकत आहे?

गुढीपाडव्याची कडुनिंबाची चटणी हे याचे आपल्याच घरातील उदाहरण आहे. कोवळी पाने व फुले, गूळ, चिंच, हिंग, ओवा, मिरी, मीठ. तिक्त रस मुलांना नको असतो. चमच्यात दिलेली चटणी ती थुंकून टाकतात. परंतु फुले वेचणे, खलबत्त्यात कुटणे, गूळ किती घालायचा यावर भावंडांशी भांडणे, हे ज्याने केले ते मूल स्वतःची चटणी खाते. तोंड वाकडे करते, पण खाते. माझा नातू आपण कुटलेली चटणी शेजाऱ्यांना वाटीत घालून देऊन आला आणि त्यांनी ती खाईपर्यंत दारात उभा राहिला.

वयोमान व कामाची वाटणी

सुश्रुताचार्यांनी बालकाच्या क्षीराद, क्षीरान्नाद व अन्नाद अशा अवस्था सांगितल्या आहेत. दोन वर्षांपुढील अन्नाद बालक स्वयंपाकघरात हाताशी घेण्यायोग्य होते, असा माझा अनुभव आहे. अर्थात आरंभी त्याची मदत होत नाही, कामच वाढते. दोन-तीन वर्षांच्या मुलाने मेथी-कोथिंबिरीची पाने खुडावीत, पातेल्यात पाणी ओतावे, कणकेचा लहान गोळा घेऊन बसावे. या वयात शेंगदाणे, फुटाणे, अख्खे वाटाणे हाती देऊन पाठ फिरवू नये. श्वासमार्गात अडकण्याचा धोका खरा आहे. पाच ते सात वर्षांचे मूल खलबत्ता, रवी, मोजमाप, तांदूळ धुणे ही कामे आनंदाने करते. मोजमापाविषयी एक सूचना करावीशी वाटते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' 1970 मध्ये प्रसिद्ध झाले आणि घराघरांत पोहोचले, त्याचे एक कारण त्यातील वाटी-चमच्यांचे प्रमाण हे होते. आपणही पथ्य लिहिताना पल-प्रस्थ किंवा ग्रॅम न लिहिता वाटी लिहावी. शार्ङ्गधरानुसार पेयेस चौदापट व विलेपीस चौपट जल. म्हणजे एका बालकासाठी पाव वाटी तांदूळ घेतल्यास पेयेला साडेतीन वाट्या पाणी आणि विलेपीला एक वाटी. तिसरीतील मुलाला हे गणित म्हणून दिले तर त्याला ते जमते, व त्याच्या आईलाही पाठ होते.

आठ-दहा वर्षांपुढे लाटणे, भाजणीसाठी धान्ये निवडणे, मेतकुटाचे प्रमाण लक्षात ठेवणे. शेगडी पेटवणे अकरा-बारा वर्षांच्या आधी नको, आणि तेव्हाही मोठे माणूस शेजारी हवे.

ज्या घरांत आईवडील दोघेही रात्री आठ वाजता परततात तेथे हे सारे कसे व्हावे, असा प्रश्न येतो. रोज व्हावे असे कोणी म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस, एक पदार्थ, अर्धा तास. अग्नी नसलेल्या कामापासूनही आरंभ करता येतो. शतधौत घृत हे त्याचे नामी उदाहरण. तांब्याच्या परातीत तूप घ्यावे, थंड पाणी घालून तळव्याने फेटावे, पाणी ओतून टाकावे, पुन्हा नवे घ्यावे. शंभर वेळा. आजी फेटते, नातवंडे मोजतात, हात दुखला की पाळी बदलतात. पन्नाशीनंतर पिवळे तूप पांढरे व लोण्यासारखे मऊ होऊ लागते, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरील आश्चर्य पाहण्यासारखे असते. हे बाह्योपयोगासाठीच आहे, खावयाचे नाही, एवढे मुलांना सांगून ठेवावे. डबीवर तसे लिहावयासही त्यांनाच लावावे.

मुलग्यांविषयी स्पष्ट लिहितो. पाकदर्पण हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे तो नल राजा होता, आणि विराटाच्या घरी भीम बल्लव झाला होता. तरीही आपल्या मध्यमवर्गीय घरांनी मुलग्यांना स्वयंपाकघराबाहेर ठेवले. माझ्याकडे येणाऱ्या, शिक्षण-नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या तरुणांमध्ये अम्लपित्त व ग्रहणीदोषाचे प्रमाण मोठे आहे. त्यांच्यापैकी अनेकांना मुगाची खिचडीदेखील करता येत नाही. या तरुणांना पथ्य लिहून देणे म्हणजे निरक्षराला पत्र लिहिणे होय.

सावधगिरी

या विषयात उत्साहाच्या भरात काही गोष्टी निसटतात, म्हणून त्या येथे नमूद करतो.

साखरेचा किंवा गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि तो त्वचेला चिकटून राहतो. त्यामुळे त्याचा दाह खोल जातो. पाक, तळण व कुकर यांपासून मुलांना दूर ठेवावे. भाजलेच तर प्रथम वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे तो भाग धरावा. त्याआधी तूप, शाई, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नये. शतधौत घृताचा विचारही नंतरचा. भाजलेले क्षेत्र मोठे असल्यास, अथवा चेहरा, हात किंवा गुह्यभाग भाजला असल्यास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

मध उष्ण करू नये हा आपला नियम मुलांना अवलेह शिकवताना आपोआप सांगितला जातो. पाक निवेपर्यंत वाट पाहणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. परंतु एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये. मधात असू शकणाऱ्या जंतुबीजांमुळे त्या वयात बॉट्युलिझम हा गंभीर व्याधी संभवतो. मोठी भावंडे स्वयंपाकात असताना बोटभर मध धाकट्याच्या तोंडात घालतात, हे मी पाहिले आहे. लेहनविधीच्या संदर्भात वैद्यवर्गात याविषयी मतभिन्नता आहे, याची मला जाणीव आहे. माझ्यापुरते मी वर्षाच्या आतील बालकास मधाचे अनुपान देणे बंद केले आहे.

अतिसार-वमनाचा रुग्ण असलेले मूल लक्षणे थांबल्यापासून दोन दिवस होईपर्यंत इतरांच्या अन्नास लावू नये. त्याने जवळ बसून पाहावे. डोळे खोल गेलेले, लघवी कमी झालेली, गळून गेलेली अशी बालके पेयेवर ठेवण्याची नसतात, त्यांना ओ.आर.एस. सुरू करून तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आणि एक अनुभवाचा बोल: घरी औषध करण्याची गोडी लागलेले काही पालक पुढे भस्मे व रसकल्पही घरी करता येतील का, असे विचारतात. त्यांना ठामपणे नकार द्यावा.

औषधविक्रेत्यांचे स्थान

दुकानमालकांना वाटेल की, लोकांनी घरी केले तर आमची विक्री कशी व्हावी? वस्तुतः घरी करणारा ग्राहक जाणकार असतो. जुने तांदूळ, साळीच्या लाह्या, सुंठ, पिंपळी, वाळा, उत्तम मनुका, निवडलेला गुळवेल या वस्तू तोच मागतो आणि प्रतही तोच ओळखतो. माझ्या सूचनेवरून खालच्या दुकानमालकांनी काउंटरवर हाताएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. एकीवर पेया, एकीवर कढण, एकीवर लाजमंड. प्रत्येक चिठ्ठीत वाटीचे प्रमाण आहे आणि शेवटी एक ओळ: 'हे काम मुलाने करावे'. पेयेच्या चिठ्ठीवर 'तांदूळ तीन पाण्यांनी धुणे व वाट्या मोजणे', कढणाच्या चिठ्ठीवर 'मूग निवडणे व जिरे कुटणे'. सुट्या द्रव्यांबरोबर चिठ्ठी विनामूल्य दिली जाते.

तयार मिश्रण बांधून विकावयाचे असल्यास मात्र अन्न परवान्याचे नियम लागू होतात. 2022 मध्ये 'आयुर्वेद आहार' याविषयी स्वतंत्र विनियम अधिसूचित झाले असून दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीची उत्पादने त्यांच्या कक्षेत बसत नाहीत. लेबलवर रोगनाशाचा दावा करण्यापूर्वी दुकानमालकांनी नियम नीट वाचून घ्यावेत.

आरंभी उल्लेखिलेल्या मुलीलाही त्या दिवशी अशीच चिठ्ठी देऊन पाठवले होते. तेव्हा ती छापलेली नव्हती. मी हाताने लिहून दिली होती, आणि धुण्याचे व मोजण्याचे काम तिच्या नावावर टाकले होते. ती बरी झालेली असल्याने त्यास हरकत नव्हती, आणि ती पेज तिच्यापुरतीच होती. चौथ्या दिवशी मायलेकी पुन्हा आल्या. मुलीच्या हातात स्टीलचा लहान डबा होता. तिने तो माझ्या टेबलावर ठेवून झाकण काढले. आत तूप-मीठ घातलेला, अजून कोमट असलेला दाट भात होता.

"काका, पेज झाली का बरोबर?"

मी चमच्याने हलवून पाहिले. सिक्थे घट्ट होती, द्रव जवळजवळ नव्हता. तिला म्हटले, "ही पेज नाही, बाळ, ही विलेपी झाली आहे. तू किती वाट्या पाणी घातलेस?"

तिने आईकडे पाहिले. "मी साडेतीनच घातल्या होत्या. मग आई फोनवर बोलत होती ना, तेव्हा ते खूप वेळ उकळलं. आवाज बदलला होता, मी तिला सांगितलं पण."

"कसा बदलला?"

"आधी खळखळ होता," ती म्हणाली, "मग फदफद झाला."

तिची आई हसू लागली. मी चिठ्ठी मागून घेतली आणि पेयेच्या कृतीखाली, साडेतीन वाट्यांच्या पुढे, लिहिले: 'आवाज फदफद होण्यापूर्वी उतरवावे'. आता छापील चिठ्ठीवरही ती ओळ आहे.